न्याहारीसाठी घरचे मफिन : खान्देशातील स्वयंपाकघरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता पुष्कळ घरी ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) किंवा कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आला आहे. तरीही तो वाढदिवसाच्या केकपुरताच बाहेर निघतो आणि एरवी ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. रोजच्या न्याहारीला त्याचा सर्वांत चांगला उपयोग मफिनसाठी होतो, कारण मफिनला ना फेटण्याचे यंत्र लागते, ना पीठ फुगण्याची वाट पाहावी लागते. खालील उत्तरे देताना घरात कणीक, दही, गूळ, शेंगदाण्याचे तेल, ज्वारीचे पीठ आणि पिकलेली केळी आहेत, एवढेच गृहीत धरले आहे.

मफिन आणि कप-केक यांत नेमका फरक काय?

आकार सारखा असला तरी कृती वेगळी आहे. कप-केकसाठी लोणी आणि साखर हलके होईपर्यंत फेटून त्यात हवा भरली जाते, त्यामुळे तो मऊ, बारीक जाळीचा आणि गोड होतो. मफिनमध्ये कोरडे जिन्नस एका भांड्यात, ओले जिन्नस दुसऱ्या भांड्यात घेऊन शेवटी दोन्ही जेमतेम एकत्र करतात. त्याची जाळी जाडसर असते, गोडी कमी असते आणि वर क्रीम नसते. इंग्लंडमध्ये मफिन म्हणून ओळखली जाणारी, यीस्टवर फुगवून तव्यावर भाजलेली चपटी रोटी हा तिसराच पदार्थ आहे आणि येथे त्याचा विचार केलेला नाही.

रोजच्या वापरासाठी एकच मूळ प्रमाण सांगता येईल का?

होय. मध्यम आकाराच्या सुमारे नऊ मफिनसाठी २०० ग्रॅम बारीक दळलेली कणीक, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा, पाव छोटा चमचा मीठ आणि थोडी वेलची किंवा जायफळाची पूड हे सर्व चाळून एका भांड्यात ठेवावे. दुसऱ्या भांड्यात कुस्करलेली पिकलेली केळी २२५ ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ९० ग्रॅम, दही १०० ग्रॅम आणि तेल ७० मिलिलिटर एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. ओले मिश्रण कोरड्यावर ओतावे, मोठ्या चमच्याने खालून वर असे दहा-बारा वेळा उलटावे आणि पीठ फार घट्ट वाटल्यासच दोन-तीन मोठे चमचे दूध घालावे. साचे पाऊण भरून, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २२ ते २५ मिनिटे भाजावे. मधोमध खुपसलेली काडी ओले पीठ न चिकटता बाहेर आली म्हणजे मफिन झाले.

येथील घरांत वाटीचे माप चालते, पण प्रत्येक घरची वाटी निराळी असते, म्हणून साधा वजनकाटा घ्यावा अशी आमची आग्रहाची सूचना आहे. भाकरीचे पीठ हाताला कळते आणि चुकल्यास मळताना सुधारता येते, परंतु मफिनचे पीठ ओव्हनमध्ये गेल्यावर काहीही सुधारता येत नाही.

पीठ कमी ढवळा असे सगळे सांगतात. त्याचे कारण काय?

या संपूर्ण कृतीत सांभाळण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही आहे. गव्हातील दोन प्रथिने पाण्याशी संयोग पावली की ग्लूटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते आणि जितके ढवळावे तितके ते घट्ट होत जाते. पोळीसाठी हेच जाळे आपल्याला हवे असते, त्यासाठीच कणीक मळून तिंबून ठेवतात. मफिनमध्ये मात्र ते नको असते, कारण घट्ट जाळ्यात अडकलेला वायू सगळीकडे सारखा पसरू शकत नाही. तो एखाद्या वाटेने वर धावतो आणि मफिन कापल्यावर आत उभी, लांबट भोके दिसतात. असा मफिन वरून टोकदार आणि आतून चिवट होतो.

म्हणून कोरडे पीठ दिसेनासे झाले की चमचा थांबवावा. मिश्रणात लहान गुठळ्या राहिल्या तरी चालतात, भाजताना त्यांच्यात ओलावा मुरतो. भजी किंवा धिरड्याचे पीठ गुळगुळीत करण्याची सवय असलेल्या हाताला हे अपुरे वाटते आणि नेमके तेथेच बहुतेकांचे मफिन बिघडतात. हाताने चालवायचे किंवा विजेवरचे फेटण्याचे यंत्र या कामाला वापरूच नये.

मैद्याशिवाय खरोखर चांगले मफिन होतात का?

होतात, आणि न्याहारीसाठी आम्ही कणकेचेच सुचवतो. कणकेतील कोंडा ग्लूटेनचे जाळे जागोजागी तोडतो, त्यामुळे थोडे जास्त ढवळले गेले तरी मैद्याइतके नुकसान होत नाही. कणीक पाणी मात्र जास्त ओढते आणि ते सावकाश ओढते. त्यामुळे मिश्रण मैद्याच्या मिश्रणापेक्षा किंचित सैल ठेवावे आणि साचे भरण्यापूर्वी पाच-सात मिनिटे थांबावे.

गिरणीवरून आणलेल्या पिठात एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे बट्टीसाठी गहू मुद्दाम जाडसर दळून आणतात. ते पीठ चुकून वापरल्यास मफिन रवाळ आणि कोरडे होतात. बट्टीचे पीठ संपवायचेच असेल तर एकूण पिठाचा चौथा हिस्सा ते घ्यावे आणि वीस मिनिटे दह्यात भिजवून मगच ओल्या मिश्रणात मिसळावे. असे केल्यास त्याचा खमंगपणा फार चांगला लागतो.

दादर ज्वारीचे पीठ किंवा कळणा चालेल का?

चालेल, परंतु पूर्ण नव्हे. ज्वारीत ग्लूटेन नसते, त्यामुळे वायू धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि मफिन हातात घेताच भुगा होतो. एकूण पिठाच्या एक-तृतीयांशापर्यंत दादरचे पीठ घातल्यास पोत टिकतो आणि चव खुलते. केळे घातलेल्या मिश्रणात ज्वारी अधिक चांगली बसते, कारण केळ्याचा गर पिठाला धरून ठेवतो. ज्वारीचे पीठ ताजे दळलेले असावे, जुन्या पिठाचा कडवटपणा भाजल्यावर अधिक जाणवतो.

कळण्याचे मफिन हा आमच्या मते खान्देशातील न्याहारीचा स्वतंत्र पदार्थ व्हावा इतका चांगला प्रकार आहे. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळलेल्या या पिठात उडदामुळे चिकटपणा असतो आणि तो ज्वारीची उणीव काही अंशी भरून काढतो. त्यासाठी कणीक १२० ग्रॅम, कळणा ८० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, दही २०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल ६० मिलिलिटर आणि लागेल तसे ६० ते ८० मिलिलिटर पाणी घ्यावे. वाटीभर बारीक चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट घालावे. काही घरी कळणा दळतानाच मीठ घालतात, म्हणून पीठ चाखून मगच मीठ घालावे. मेथी धुतल्यावर चांगली निथळून आणि पुसून घ्यावी, नाहीतर तिच्या पाण्याने मिश्रण सैल होऊन मफिन मध्ये कच्चे राहतात.

ग्लूटेन अजिबात न चालणाऱ्या व्यक्तीसाठी मात्र गिरणीवरचे ज्वारीचे पीठही सुरक्षित समजू नये, कारण त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो.

केळी किती पिकलेली असावीत? बाजारातील पिवळीधमक केळी घेतल्यास मफिन गोड का लागत नाहीत?

ज्या रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांची ओळखच केळीवर उभी आहे, तेथे हा प्रश्न मोकळेपणाने चर्चिला पाहिजे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज येथे प्रामुख्याने ग्रँड नैन या वाणाची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे लावली जातात. कच्च्या केळ्यात बहुतांश पिष्ट असते आणि पिकताना त्याची साखर होते. रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोलीतून, आलेल्या केळ्याची साल एकसारखी पिवळी असली तरी आतील पिष्टाचे रूपांतर अजून चालू असते. असे केळे खाण्यास चांगले लागते, पण मफिनमध्ये ते घट्ट, फिके आणि बेचव राहते.

सालीवर तपकिरी ठिपके दाट झाले आणि देठाजवळ वास दरवळू लागला की केळे मफिनसाठी तयार झाले असे समजावे. साल जवळपास काळी पडली तरी गर पांढरट-पिवळा आणि गोड वासाचा असेल तर हरकत नाही. आंबूस किंवा दारूसारखा वास येत असेल, पाणी सुटले असेल किंवा बुरशी दिसत असेल तर ते फेकून द्यावे. शेतातून अख्खा घड घरी आला की सगळ्या फण्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच एकदम पिकतात. अशा वेळी केळी कुस्करून २२५ ग्रॅमच्या पिशव्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. गर काळपट होतो, सुटलेले पाणी फेकू नये, ते गरासह मिश्रणात घ्यावे.

अंडे न वापरता मफिन भरीव होत नाहीत का?

वर दिलेल्या प्रमाणात अंडे नाहीच, कारण केळे आणि दही दोन्ही मिळून ते काम करतात. केळ्याविना, म्हणजे गाजराचे किंवा साधे वेलचीचे मफिन करायचे असतील तर एका अंड्याऐवजी ६० ग्रॅम दही, किंवा एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घ्यावी. जवस भिजल्यावर त्याला बुळबुळीतपणा येतो आणि तो पिठाला बांधून ठेवतो. जवस भाजून चटणी करण्याची पद्धत घरोघरी आहे, परंतु येथे ते न भाजता दळावे. अंडे चालत असेल तर एक अंडे घालून दही ५० ग्रॅमवर आणावे, मफिन थोडे अधिक उंच होतील.

साखरेऐवजी गूळ घातल्यास दूध फाटते. काय करावे?

गूळ गरम दुधात घालू नये. तो दह्यात किंवा केळ्याच्या गरात विरघळवावा आणि खडे उरले तर गाळून घ्यावा. गुळामुळे मफिनचा रंग गडद होतो आणि ते जास्त वेळ ओलसर राहतात. गोडी कमी करायची असल्यास दिलेल्या प्रमाणातून चौथा भाग निर्धास्त कमी करावा. त्याहून अधिक कमी केल्यास पोत कोरडा पडतो आणि वरचा खमंग रंग येत नाही, कारण साखर किंवा गूळ हे केवळ गोडीसाठी नसून ओलावा धरण्यासाठीही असतात.

तेल कोणते वापरावे?

कळण्याच्या तिखट मफिनला घाणीचे शेंगदाणा तेल उत्तम. गोड मफिनमध्ये त्याचा वास पुढे येतो, म्हणून तेथे रिफाइंड तेल किंवा वितळवून कोमट केलेले तूप घ्यावे. तुपाचे मफिन गरम असताना अप्रतिम लागतात, पण थंडीत तूप थिजल्याने दुसऱ्या दिवशी घट्ट वाटतात.

बेकिंग पावडर, खाण्याचा सोडा आणि फ्रूट सॉल्ट एकमेकांऐवजी वापरता येतात का?

सरळ अदलाबदल करू नये. सोड्याला वायू तयार करण्यासाठी आंबट पदार्थ लागतो. मफिनमध्ये तो दही, ताक, गूळ किंवा केळ्यातून मिळतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडे आम्ल आणि ओलावा शोषणारे पिष्ट एकत्रच असतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे रसायनज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये अशी पावडर तयार केली, ती यीस्ट न चालणाऱ्या आपल्या पत्नीसाठी. आज मिळणाऱ्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात, थोडा वायू ओलावा लागताच आणि उरलेला भट्टीच्या उष्णतेने सुटतो. फ्रूट सॉल्ट मात्र पाणी लागताच जवळजवळ सगळा जोर संपवते. ढोकळ्याला ते योग्य आहे, मफिनला ते वापरायचेच झाले तर अगदी शेवटी घालून क्षणभरही न थांबता साचे भरावेत.

उघडा डबा ओट्यावर, शेगडीजवळ राहिला तर पावसाळ्यातील दमट हवेने पावडर निकामी होते. अर्धी वाटी गरम पाण्यात छोटा चमचाभर पावडर टाकावी. ती जोरात फसफसली तरच वापरावी.

ओव्हन नसेल तर मफिन करता येतील का?

जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात किंवा मोठ्या कढईत चांगले होतात. तळाशी दीड वाटी जाडे मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू पसरावी, त्यावर स्टँड ठेवावा आणि झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग तेल लावलेल्या स्टीलच्या वाट्यांत मिश्रण घालून त्या आत ठेवाव्यात आणि मंद ते मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटे झाकून भाजावे. पहिली वीस मिनिटे झाकण उघडू नये. वरून लाली कमी येते, ती खालच्या बाजूला दिसते.

कुकर वापरणारे त्याची शिट्टी आणि रबरी रिंग काढून घेतात, आणि ते काढणे अत्यावश्यकच आहे. परंतु बहुतेक कुकरच्या पुस्तिकेत तो कोरडा तापवू नये असे स्पष्ट लिहिलेले असते, म्हणून रोजच्या वरण-भाताचा कुकर या कामाला न लावणेच शहाणपणाचे आहे.

सकाळच्या घाईत आप्पेपात्र सर्वांत सोयीचे ठरते. मंद आचेवर झाकून चार-पाच मिनिटे, उलटून आणखी दोन मिनिटे, एवढ्यात लहान मुलांच्या घासाएवढे मफिन तयार होतात. इडलीपात्रात वाफवलेला पदार्थ चवीला वाईट नसतो, पण भाजल्याशिवाय मफिनचा खमंगपणा येत नाही.

दिवाळीत नानकटाईचे सामान बेकरीत भाजून आणतात, तसे मफिन आणता येतील का?

नानकटाईचे पीठ रांगेत तासभर थांबू शकते, मफिनचे थांबत नाही. नंबर लागेपर्यंत वायू निघून जातो. बेकरीवाल्यांशी आधी बोलून वेळ ठरली असेल आणि दोन्ही भांडी तेथेच एकत्र करता येत असतील तरच हा विचार करावा.

ओटीजीचे तापमान किती ठेवावे? वरचा घुमट उंच कसा येईल?

खालची आणि वरची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवून २०० अंश सेल्सिअसवर दहा ते पंधरा मिनिटे तापवावे. साचे मधल्या कप्प्यात ठेवून पहिली पाच मिनिटे २०० अंश आणि नंतर १८० अंश ठेवावे. सुरुवातीच्या अधिक उष्णतेने कडा लवकर पक्क्या होतात आणि मधला भाग वर उचलला जातो. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतील खरे तापमान यांत पुष्कळदा फरक असतो, म्हणून पहिल्या खेपेस अठराव्या मिनिटापासून लक्ष ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये भाजताना कन्व्हेक्शनचीच सोय निवडावी आणि धातूच्या साच्याबाबत त्याची पुस्तिका पाहावी.

विजेचा खर्च बहुतेकांना वाटतो तितका नसतो. १२०० वॅटचा ओटीजी ४० मिनिटे सलग चालला तरी ०.८ युनिट होते, आणि प्रत्यक्षात कॉइल मधून मधून बंद होते. मफिन भाजत असताना वीज गेली तर दार उघडू नये. पंधरा मिनिटांनंतर गेली असेल तर आतील उष्णतेवर ते पुष्कळदा पूर्ण होतात. पाचव्या मिनिटाला गेली तर मात्र ते मिश्रण आप्पेपात्रात वळवावे.

शाळेची गाडी सातला येते. सकाळी हे कसे जमवावे?

रात्री दोन भांडी तयार करावीत. कोरडे मिश्रण झाकून ओट्यावर आणि ओले फ्रिजमध्ये ठेवावे. एकत्र केलेले पीठ रात्रभर ठेवू नये, विशेषतः सोडा घातलेले, कारण सकाळपर्यंत त्याचा जोर संपतो. सकाळी उठल्याबरोबर ओव्हन लावून ओले मिश्रण बाहेर काढावे, ओव्हन तापेपर्यंत साच्यांना तेल लावून व्हावे, आणि मग मिसळण्यास दोन मिनिटे पुरतात. आंघोळ, वेणी-फणी होईस्तोवर मफिन तयार असतात. कोरड्या मिश्रणाच्या चार-पाच पिशव्या रविवारी मोजून ठेवल्या तर आठवडाभर वजनकाटा काढावा लागत नाही.

साबणासारखी चव, लाल ठिपके, हिरवट रंग, मध्ये खड्डा : हे दोष कशामुळे येतात?

साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त झाला किंवा नीट चाळला गेला नाही. तिखट मफिनमध्ये हळद असेल तर सोड्याच्या गुठळीभोवती लाल ठिपके पडतात, कारण हळद क्षारधर्मी पदार्थाशी लाल होते. म्हणून कळण्याच्या प्रमाणात आम्ही सोडा दिलेला नाही. सूर्यफुलाच्या बिया घातल्यास सोड्यामुळे आत हिरवट छटा येते. ती बुरशी नसते आणि खाण्यास अपायकारकही नसते.

मध्ये खड्डा पडतो तो बहुधा दार लवकर उघडल्याने, भाजणे अपुरे राहिल्याने किंवा पावडर जास्त झाल्याने. अधिक पावडरीने मफिन अधिक फुगत नाही, तो आधी फुगून मग बसतो. बूड ओलसर होत असेल तर साच्यातून पाच मिनिटांत काढून जाळीवर ठेवावे.

मधुमेह असलेल्या व्यक्तीला किंवा वजन कमी करणाऱ्याला हे चालतात का?

कणीक आणि गूळ वापरल्याने मफिन पथ्याचा पदार्थ होत नाही. गूळही रक्तातील साखर वाढवतो आणि पिकलेल्या केळ्यात साखर असतेच. अशा व्यक्तीने कळण्याचा तिखट मफिन एक घ्यावा, सोबत दही किंवा उसळ ठेवावी आणि प्रमाणाबाबत आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. मुलांच्या न्याहारीतही केवळ मफिन न देता दूध, अंडे किंवा मूठभर शेंगदाणे जोडीला असावेत.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात मफिन किती टिकतात, आणि पुन्हा गरम कसे करावेत?

पारा ४४-४५ अंशांवर असताना केळ्याचे किंवा मेथीचे मफिन केले त्याच दिवशी संपवावेत. डिसेंबर-जानेवारीत गोड मफिन डब्यात दोन दिवस चांगले राहतात. गरम असताना डबा कधीही बंद करू नये, आत साचलेल्या वाफेने बुरशी लवकर धरते.

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात, पण घट्ट होतात, कारण भाजलेल्या पदार्थातील पिष्ट फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने कडक होते. म्हणून जास्त केले असतील तर पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवावेत, तेथे दोन महिने चव टिकते. लागतील तेवढे रात्री खालच्या कप्प्यात काढावेत आणि सकाळी तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर तीन-चार मिनिटे गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये एका मफिनला वीस सेकंद पुरतात, त्याहून अधिक ठेवल्यास तो आधी रबरासारखा आणि थंड झाल्यावर दगडासारखा होतो. डब्यात द्यायचा असल्यास गरम केलेला मफिन आधी कोमट होऊ द्यावा आणि कागदी रुमालात गुंडाळून ठेवावा.